पाईपामागे उभं राहून

आमच्या व्हॅनचा धूर पांढरा होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्या रंगावर आहे.

व्हॅन डिझेलची आणि जुनी, माझ्यापेक्षा थोडीशीच लहान. आमची लाँड्री आहे. खाली मशिनं, वर घर. दवाखान्यांच्या आणि लॉजच्या चादरी, अभ्रे, टॉवेल आणायचे, धुवायचे, इस्त्री करून परत पोचवायचे. ही सगळी ने-आण व्हॅनमधून. इतकी वर्षं बाबा चालवायचे. मग त्यांचा खांदा गेला. डॉक्टर म्हणाले, स्टिअरिंगला हात लावायचा नाही. किल्ली ताईकडे आली.

आणि किल्ली ताईकडे आल्यापासून गाडी सकाळी धूर सोडायला लागली.

म्हणजे कसा, तर ताई सेल्फ मारायची, गाडी बराच वेळ नुसती कुंथायची, मग एका पायाने लंगडत असल्यासारखी सुरू व्हायची आणि मागून ढगच्या ढग. समोरच्या इमारतीतले लोक खिडक्या लावून घ्यायचे. दोन-तीन मिनिटांनी सगळं गायब. मग दिवसभर गाडी इतकी शहाण्यासारखी वागायची की आपणच वेडे ठरावं.

त्यात गाडीचं मागचं तोंड आमच्या दाराकडे. गल्ली अरुंद आहे, उलटी लावली तर सकाळी वळवता येत नाही. त्यामुळे पाईप थेट त्या खोलीवर रोखलेला, जिथे इस्त्रीच्या चादरींचे गठ्ठे ठेवलेले असतात. एक दिवस दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टरनी चादर नाकाशी धरली आणि ताईला विचारलं, "तुम्ही या कशात धुता गं? डिझेलमध्ये?"

ताईने घरी येऊन हे हसत सांगितलं. बाबा हसले नाहीत.

"इंजिन मारलं हिनं," ते म्हणाले. "माझ्या हातात होती तोवर एक ठिपका धूर नव्हता. थंडी तेव्हापण पडायचीच ना?"

"बाबा, मी काय वेगळं करते?"

"ते मला काय माहीत. पाय जड असेल. सोमवारपासून पैलवान चालवेल. तू इस्त्रीला बस. तुझा हात इस्त्रीला चांगला आहे."

पैलवान म्हणजे काकांचा मुलगा. इतका बारीक आहे की शर्ट त्याने घातलाय की हँगरला लावलाय ते लांबून कळत नाही, म्हणून पैलवान. माणूस चांगला आहे. पण प्रश्न त्याचा नव्हताच.

ताई सात वर्षं इस्त्रीच्या टेबलाशी उभी होती. सकाळपासून वाफ, समोर भिंत. व्हॅन हातात आल्यापासून ती वेगळीच झाली होती. दोन नवी गिऱ्हाईकं तिने स्वतः बोलून आणली. कुठल्या लॉजचा मॅनेजर खडूस, कुठल्या दवाखान्याच्या मागच्या गेटवर कुत्रं झोपतं, सगळं घरी येऊन सांगायची. जेवताना एकदाच माझ्याकडे बघून म्हणाली, "तू एवढे व्हिडिओ बघत असतोस ना गाड्यांचे. बघ की जरा."

बघतो म्हटलं.

आता मी काही मेकॅनिक नाही. कुठे शिकलेलो नाही. मशिनं बिघडली की आधी उघडून बघायचं आणि मग ते कसं जोडायचं ते मोबाईलवर शोधायचं, अशा पद्धतीने जे आलं ते आलं. पण खरं सांगतो, ताईचं वाईट वाटलं ते होतंच, त्याहून जास्त मला त्या धुराची गंमत वाटायला लागली होती. जी गाडी दिवसभर ठणठणीत असते ती फक्त सकाळीच का आजारी पडते?

मोठी अडचण म्हणजे दिवसाला एकच चान्स. इंजिन एकदा तापलं की रात्रभर थंड होईपर्यंत ते परत तसं करत नाही. कोपऱ्यावरचे मिस्त्री त्यामुळेच वैतागले होते. "तुमची गाडी माझ्याकडे येईपर्यंत गरम होते रे. माझ्यासमोर कधी धूर काढलाच नाही तिने. मी काय तुझ्या तोंडी वर्णनावर इंजिन उतरवू?" बरोबरच होतं त्यांचं.

म्हणून मी ठरवलं, रोज सकाळी ताई गाडी काढताना पाईपामागे उभं राहायचं आणि मोबाईलवर शूटिंग करायचं.

पहिल्या दिवशी रंग. निळसर असता तर ऑइल जळतंय, काळा असता तर डिझेल जास्त आणि हवा कमी. आमचा पांढरा. पांढऱ्याला पण दोन बाप असतात. एक पाणी, म्हणजे रेडिएटरचं पाणी आत शिरतंय, म्हणजे हेड गॅस्केट, म्हणजे बाबा म्हणतात तसं इंजिन मेलं. दुसरा, न जळलेलं डिझेल.

तर दुसऱ्या दिवशी वास. तोंड पुढे करून मुद्दाम हुंगलं. पाण्याचा धूर गोडसर लागतो म्हणतात. हा डोळ्यात जाऊन असा झोंबला की मी दिवसभर रडका दिसत होतो. आई म्हणाली, "कुठल्या मुलीने नाही म्हटलं का रे तुला?"

तिसऱ्या दिवशी पाईपामागे पुठ्ठा धरला. पुठ्ठ्यावर बारीक ओल आली, बोटाला तेलकट लागली, वास डिझेलचा. रेडिएटरच्या बाटलीवर मी आधीच पेनाने रेघ मारून ठेवली होती. पाणी रेघेवरून हललेलं नव्हतं.

म्हणजे पाणी नाही. डिझेल आत जातंय, पण थंड इंजिनात पेटत नाहीये. जसंच्या तसं मागून वाफ होऊन बाहेर.

मला इतका आनंद झाला की मी ताईला मिठीच मारली. ती म्हणाली, "झालं का दुरुस्त?" मी म्हटलं, "नाही, पण काय नाहीये ते कळलं." तिने असं बघितलं की मी मुकाट्याने पुढच्या कामाला लागलो.

डिझेल गाडीत पेटवायला ठिणगी नसते. आत हवा दाबली जाते, दाबून तापते, त्यात डिझेल पेटतं. पण थंडीत नुसत्या दाबाने भागत नाही, म्हणून आत हीटर प्लग असतात. किल्ली अर्धी फिरवली की ते लाल होतात, आतली जागा तापवतात, मग सेल्फ मारायचा. माझा सगळा संशय या हीटर प्लगवर. रविवारच्या बाजारातून घेतलेलं माझं मल्टीमीटर काढलं, एकेक प्लग तपासला. चारी चांगले. बाहेर काढून बॅटरीला लावून बघितले, चारी लालभडक. वायरला करंट येतोय का बघितलं, येतोय.

ताईला विचारलंसुद्धा, "किल्ली फिरवून थांबतेस ना गं?"

"थांबते की."

मग काय उरलं? डिझेल फवारणारं नोझल, नाहीतर पिस्टनच्या रिंगा. दोन्हीचा अर्थ इंजिन उघडणं, आणि बाबांचं खरं ठरणं. माझं तोंड पडलं. ताईला मी हे सांगितलं नाही, पण तिला कळलं असावं, कारण त्या दिवशी तिने इस्त्रीचं टेबल पुसून काढलं.

शनिवारी सकाळी बाबा खाली आले. पायजमा, स्वेटर, खांद्याला पट्टा. काहीतरी ठरवून आले होते. ताई गाडीकडे निघाली तर म्हणाले, "थांब. किल्ली दे. चालवत नाही, नुसती सुरू करून दाखवतो. एका हाताचं काम आहे."

मी नेहमीसारखा मागे, मोबाईल पाईपावर.

गाडी एका फटक्यात सुरू झाली.

धूर नाही. म्हणजे अगदी नावाला, आपण थंडीत तोंडाने सोडतो तेवढी वाफ. आवाज पण चारी पायांवर उभा.

बाबा उतरले. किल्ली ताईच्या हातावर ठेवली आणि जिना चढून गेले. वरच्या पायरीवरून फक्त म्हणाले, "गाडीला माणूस कळतो."

ताई गाडीत बसली आणि निघून गेली. आरसा नीट करायच्या निमित्ताने तिने तोंड माझ्यापासून वळवलं होतं.

आणि मी? मी तिथेच उभा. वाईट वाटायला हवं होतं, ते वाटत होतंच, पण डोकं भलतीकडेच धावत होतं. गाडीला माणूस कळतो? लोखंडाला? रात्रभर तीच गाडी, तीच थंडी, तेच डिझेल. रिंगा झिजल्या असत्या तर त्या काय बाबांना बघून भरून आल्या? नोझल गळत असतं तर बाबांच्या आदरापोटी थांबलं? म्हणजे इंजिनाला काही झालेलंच नाही. काहीतरी बाबा करतात आणि ताई करत नाही, किंवा उलटं. बाबांना वाटलं त्यांनी ताईला खोटं पाडलं. खरं तर त्यांनी इंजिनाला निर्दोष सोडलं होतं.

पण काय करतात?

ते मला माहीत नव्हतं, कारण सगळे दिवस मी मागे उभा होतो. सगळेच मागे बघत होते. धूर मागून येतो ना. पुढे ड्रायव्हर काय करतो ते एकानेही बघितलं नव्हतं.

मग आठवलं, मोबाईल. चित्रात पाईपच आहे, पण आवाज तर सगळाच आला असेल.

कानात हेडफोन घालून मशिनच्या मागे बसलो. आधी ताईचे व्हिडिओ. प्रत्येकात तेच. काचेवर फडकं फिरल्याचा कुईं-कुईं आवाज. दार लागल्याचा. मग बॉनेटमधून हळूच एक 'टक'. आणि जवळजवळ लगेच सेल्फ. कुंथणं, खोकणं, आणि माझं शिंकणं.

मग बाबांचा. दार. 'टक'. मग दार परत उघडलं. कुईं-कुईं. बराच वेळ कुईं-कुईं. मध्येच बाबांचं खाकरणं. चालत दुसऱ्या बाजूला गेल्याचा आवाज, परत कुईं-कुईं. मग आणखी एक 'टक'. दार. सेल्फ. सुरू.

मी ते इतक्या वेळा ऐकलं की आई म्हणाली, "कुठलं गाणं आहे ते?"

ताईचा एकच टक. बाबांचे दोन.

टक म्हणजे हीटरचा आपोआप चालणारा स्विच. पहिला टक म्हणजे हीटर चालू. दुसरा म्हणजे हीटर तापून बंद. बाबा किल्ली फिरवून काच पुसायला खाली उतरतात. तेवढ्यात आत प्लग लाल होतात. ताई काच आधी पुसते आणि मग किल्ली फिरवते. तिचं थांबणं म्हणजे बेल्ट लावेपर्यंत. तिच्या वेळी प्लग जेमतेम कोमट.

ती परत आल्यावर विचारलं, "काच तू आधी का पुसतेस?"

"बाबांनीच सांगितलंय. काच पुसल्याशिवाय गाडी काढायची नाही. किल्ली देताना एवढं एकच सांगितलं त्यांनी. मी एक दिवस चुकवलेलं नाही."

"आधी पुसायची असं सांगितलं?"

"अरे, मग काय गाडीत बसून परत उतरायचं पुसायला? वेडा आहेस का?"

आता बघा, हिचं काय चुकलं? कुणीही शहाणा माणूस काच पुसूनच आत बसेल.

पण डॅशबोर्डवर यासाठी दिवा असतो. वेटोळ्याचं चित्र असलेला पिवळा दिवा. तो विझेपर्यंत थांबायचं, इतकं सोपं असतं. ताईला विचारलं तर ती म्हणाली, असा कुठलाच दिवा कधी लागत नाही. मीही कधी बघितला नव्हता. मला वाटायचं, आपल्या जुन्या मॉडेलला नसेल. डॅशबोर्ड खोलला. दिवा होता. बल्ब उडालेला, काच आतून काळी पडलेली. कधीचा उडाला होता देव जाणे.

ताई बल्बकडे बघत राहिली. "मग आता बाबांना सांगू या."

"सांगून पटेल?"

तिने विचार केला. "नाही पटणार. म्हणतील, तुम्ही दोघं मिळून काहीतरी जुळवून आणलंत."

"म्हणून त्यांच्याच हातून करून घेऊ. नवा बल्ब सध्या बसवत नाही."

रविवारी सकाळी पैलवान आला होता, सोमवारसाठी गाडी समजून घ्यायला. मफलर गुंडाळून पाईपाच्या अगदी मागे उभा. मी त्याला सरकवलं नाही. हे जरा मुद्दामच होतं.

"बाबा," मी म्हटलं, "पैलवानाला एकदा दाखवा की तुमच्या हातची गाडी. फक्त आज काच आधी पुसा. मग बसा."

"का?"

"सहज."

"त्याने काय होतं?"

"काही होत नाही ना? मग पुसा की."

बाबांनी माझ्याकडे, मग ताईकडे बघितलं. ताई आकाशात बघत होती. बाबांनी फडकं घेतलं, काच पुसली, दोन्ही दिवे पुसले, फडक्याची घडी केली, बसले, किल्ली फिरवली. त्यांचा हात दाराकडे गेला. सवयीने. उतरायला. मग त्यांच्या लक्षात आलं की उतरायचं कारणच उरलेलं नाही, आणि त्यांनी सेल्फ मारला.

गाडी कुंथली. बाबांनी परत मारला. गाडी लंगडत सुरू झाली, आणि मागे पैलवान दिसेनासा झाला.

ढगातून त्याचा आवाज आला. "काका, गाडी माझ्यावर रागावलीय का?"

बाबा खाली उतरले. गाडीच्या मागे आले. आठवडाभर जिथे मी उभा होतो तिथे, पहिल्यांदाच. धूर त्यांच्या पायजम्याभोवती फिरत होता. ते खोकले, परत बघितलं, परत खोकले.

"हे मी केलं?"

"तुम्हीच केलंत," ताई म्हणाली. "पाय जड असेल."

आई वरच्या खिडकीत होती. ती इतकी हसली की तिला खिडकी बंद करता येईना, आणि धूर घरात गेला.

मग मी सगळं सांगितलं. दोन टक ऐकवले. उडालेला बल्ब दाखवला. बाबांनी तो प्रकाशात धरला, कानाशी नेऊन हलवला, आतली तुटकी तार किणकिणली.

"ज्याच्याकडून गाडी घेतली ना," ते हळूहळू म्हणाले, "तो म्हातारा ड्रायव्हर होता. किल्ली देताना म्हणाला, किल्ली फिरव, उतर, काच आणि दोन्ही दिवे नीट पूस, मगच सेल्फ मार. मी म्हटलं, काय टापटीप माणूस आहे. मला वाटलं गाडीचा मान ठेवायची पद्धत आहे ती."

"तुम्ही कधी विचारलं नाही का म्हणून?"

"गाडी रोज सुरू होत होती. विचारतो कशाला?"

मला तो म्हातारा माणूस दिसायला लागला. बल्ब उडाला तर नवा आणायचा सोडून त्याने काच पुसायचं काम मधे घातलं, बल्बच्या जागी. आणि ते किती अचूक बसवलं होतं. एक काच, दोन दिवे, तेवढ्यात प्लग लाल. आम्ही इतकी वर्षं त्याच्या मोजमापावर गाडी चालवत होतो. फक्त ते हातातून हातात देताना बाबांनी पुसणं दिलं, आणि कधी पुसायचं ते द्यायचं राहिलं.

मग ताईनेच विचारलं, सरळ. "उद्या गाडी कोण काढणार?"

बाबांनी पैलवानाकडे बघितलं. त्याचे डोळे लाल, मफलर नाकावर. "काका, मला विचाराल तर," तो म्हणाला, "मला तशी इस्त्री चांगली येते."

"तुला इस्त्री येते?" ताईने त्याच्या शर्टाकडे बघून विचारलं.

"शिकेन."

बाबांनी हातातलं फडकं झटकलं, आणि ताईपुढे धरलं. "दवाखान्यात त्या सिस्टरला सांग, उद्यापासून चादरींना वास येणार नाही. मी सांगितलंय म्हणून सांग." ताईने फडकं घेतलं. एवढंच. घडी मात्र तिने मोडली आणि आपल्या पद्धतीने परत घातली.

दुपारी मी नवा बल्ब बसवला. किल्ली फिरवली, तर वेटोळं उजळलं, पिवळंधमक, इतकं नवं की बाकीचा डॅशबोर्ड एकदम म्हातारा दिसायला लागला. बाबांना हाक मारली. ते खिडकीतून वाकून बघत राहिले. परत कर म्हणाले. परत केलं. परत कर म्हणाले.

सोमवारी सकाळी थंडी जास्तच होती. मी या वेळी पाईपामागे गेलो नाही, पुढे उभा राहिलो. ताईने काच पुसली, बसली, किल्ली फिरवली. दिवा लागला. बाबांनी खिडकीतून मान आत घातलेली.

"थांब. अजून आहे. अजून आहे. घाई करू नकोस."

"मला दिसतंय, बाबा."

बॉनेटमध्ये टक झालं. दिवा विझला.

"विझला. मार आता."

"मारते. आधी तुमची मान बाहेर काढा."

गाडी सुरू झाली. मी पळत मागे गेलो. पाईपातून एक बारीकशी पांढरी फुंकर आली आणि विरली. चारपैकी एखाद्या सिलिंडरमध्ये अजून डिझेल नीट पेटत नसावं. कुठल्यात, ते बघायला हवं. ताई तोवर गल्लीच्या टोकाला पोचली होती.